टेनिसचा तगडा संघ सीझन बॉलवर 137 धावांनी का हरतो

तालुक्यातल्या टेनिस बॉलच्या स्पर्धांत फायनल मारणारा गावाचा संघ शहराजवळच्या मैदानावर रविवारचा सीझन बॉलचा, म्हणजे चामड्याच्या टणक चेंडूचा, सामना खेळायला जातो आणि जेवणाच्या वेळेआधी गाशा गुंडाळून परततो. कोकणात, मावळात, नाशिककडे, सगळीकडे हे घडतं. पोरं तीच, ताकद तीच, मग एवढा मोठा पराभव कुठून येतो? परतीच्या टेम्पोत सगळे एकच कारण देतात: बॅटिंग ढेपाळली. मला हे कारण अर्धवट वाटतं. स्कोअरबुक नीट वाचलं तर सामना बहुतेक वेळा पहिल्या डावातच गेलेला असतो.

नमुन्यादाखल एक धावफलक घेऊ. समोरच्यांनी 20 ओव्हरमध्ये 5 बाद 198 केल्या. आपण 13.2 ओव्हरमध्ये सर्वबाद 61. फरक 137 धावांचा. आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, पण असे सामने ज्यांनी पाहिलेत त्यांना ते ओळखीचे वाटतील.

आधी समोरच्यांच्या डावातल्या अवांतर धावा बघा. 24 वाइड, 4 नो बॉल, 8 बाय, 2 लेगबाय, एकूण 38. आपल्या बॉलर्सनी 120 ऐवजी 148 चेंडू टाकले, म्हणजे 24 ओव्हर आणि वर 4 चेंडू. धावांचं नुकसान झालंच, शिवाय ज्या दोघांवर सगळी मदार, त्यांची एकेक ओव्हर नऊ-दहा चेंडूंची झाली. तिसऱ्या ओव्हरपर्यंत त्यांचा दम गेला आणि चौथ्या ओव्हरला त्यांचा वेग नेट बॉलरएवढा उरला.

इतके वाइड का पडतात? साधा टेनिसचा चेंडू 56 ते 59 ग्रॅमचा असतो. स्पर्धांत चालणारा हेवी टेनिस त्याच्या दुपटीच्या आसपास. सीझन बॉल 156 ते 163 ग्रॅम. वजनातला हा फरक हाताला दोन-चार ओव्हरमध्ये सवयीचा होतो, खरी अडचण शिवणीची आहे. टेनिसचा चेंडू आपण मुठीत घेतल्यासारखा, बोटं पसरून धरतो, कारण तो कसाही धरला तरी जवळपास सारखाच जातो. तीच पकड नव्या सीझन बॉलवर ठेवली की शिवण हवेत वेडीवाकडी फिरते. एक चेंडू सरळ जातो, पुढचा टप्पा पडून बाहेर निघतो, तिसरा हवेतच आत वळून लेगस्टंपच्या बाहेरून कीपरला चकवून जातो. बॉलर स्वतः गोंधळतो, कारण त्याच्या हाताने तिन्ही वेळा एकच काम केलेलं असतं. शिवण उभी ठेवायची, तर्जनी आणि मधलं बोट शिवणीच्या दोन बाजूंना, अंगठ्याची कड खाली शिवणीवर, चेंडू आणि तळवा यांत थोडी फट, आणि चेंडू सुटताना मनगट त्याच्या थेट मागे. एवढं जमलं तरी निम्मे वाइड जातात.

राहिलेले निम्मे टप्प्यामुळे. टेनिसमध्ये दोनच टप्पे शिकलेले असतात: पायाशी यॉर्कर, नाहीतर आपटून छातीवर. मधली जागा मारायची सवयच नसते, कारण टेनिसचा चेंडू त्या टप्प्यावरून मऊ उसळून थेट बॅटीवर येतो आणि गावाबाहेर जातो. सीझन बॉलवर मध्यमगती बॉलरची कमाई नेमकी त्याच जागेत आहे, बॅट्समनच्या स्टंपपासून साधारण 6 मीटरवर. सरावाला तिथे ऑफस्टंपच्या रेषेत एक गोणपाट अंथरा आणि जुन्या सीझन बॉलने प्रत्येकाला 30 चेंडू टाकायला लावा. किती गोणपाटावर पडले ते लिहून ठेवा. माझ्या मते ज्याचे 15 सुद्धा पडत नाहीत त्याच्या हातात नवा चेंडू देऊ नये, मग गावात तो कितीही वेगवान म्हणून ओळखला जात असो.

नो बॉलचा उपाय सोपा आहे. पुढची क्रीज स्टंपपासून 1.22 मीटरवर असते आणि पुढच्या पायाचा काही भाग तिच्या मागे पडायला हवा. तेवढ्यासाठी रनअप मोजून ठेवायचा. क्रीजकडून उलट दिशेने नेहमीच्या वेगात पळा, चेंडू टाकल्यासारखी उडी घ्या, पाय कुठे पडला ते मित्राला बघायला सांगा, तीन-चार वेळा करून सरासरी जागा पक्की करा आणि ते अंतर पावलांत मोजा. सामन्याच्या दिवशी तेवढी पावलं चालायची आणि फक्कीने खूण करायची. नाजूक प्रश्न वेगळाच आहे. काही गावांत हात वाकवून फेकणारा बॉलर सर्रास चालून जातो. सीझनच्या सामन्यात अंपायर तो चेंडू नो बॉल देतो. असा बॉलर संघात असेल तर ते सामन्याच्या दुसऱ्या ओव्हरला कळण्याऐवजी आधी कळलेलं बरं.

मग ओव्हरचं गणित. टेनिसचा सामना सहा किंवा आठ ओव्हरचा. दोन खरे बॉलर आणि दोन कामचलाऊ एवढ्यावर स्पर्धा निघते. 20 ओव्हरमध्ये एकाला जास्तीत जास्त 4, म्हणजे किमान पाच बॉलर लागतात. दोघांच्या 8 ओव्हर झाल्या की उरतात 12, आणि 198 पैकी बहुतेक धावा त्या 12 ओव्हरमध्येच होतात. गावाकडच्या संघात फिरकी टाकणारा क्वचितच सापडतो, कारण छोट्या सीमारेषेवर टेनिस बॉलने त्याला कोणी टाकूच देत नाही. संथ ऑफस्पिन सरळ आणि अचूक टाकू शकणारा एखादा चाळिशीतला माणूस वाडीत असेल तर तो चौथ्या वेगवान बॉलरपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

आता झेल. या पराभवातला सगळ्यात महागडा आणि सगळ्यात कमी बोलला जाणारा भाग हाच. धरा, समोरचा ओपनर 11 वर असताना मिडऑनला सुटला, 34 वर असताना पॉइंटला सुटला आणि अखेर 82 करून गेला. पहिल्या सुटलेल्या झेलानंतरच्या 71 धावा सगळ्या त्या झेलाच्या नावावर लावता येणार नाहीत, नवीन बॅट्समननेही काहीतरी केल्याच असत्या. निम्म्या लावू. तरीही 35.

टेनिसचा चेंडू बोटांनी झडप घालून पकडता येतो, तो दाबला जातो. सीझन बॉल दाबला जात नाही. कडक केलेल्या बोटांवर तो आदळला की उसळून बाहेर जातो, नाहीतर बोट मोडतो. एकदा बोटाला लागलं की पुढच्या झेलाला माणूस नकळत मान वळवतो, डोळे मिटतात, आणि मग तो झेल सुटणारच. छातीच्या वर येणाऱ्या चेंडूला बोटं वर, खाली येणाऱ्याला बोटं खाली, चेंडू तळव्याच्या बुडाशी घ्यायचा आणि घेतल्याबरोबर हात अंगाकडे आणायचे. थेट छातीवर येणारा सर्वांत अवघड, त्याला एक पाऊल बाजूला होऊन खांद्यापाशी घ्यायचं. सराव जुन्या, मऊ पडलेल्या सीझन बॉलने सुरू करा. आधी आठ मीटरवरून खालून फेकलेले, मग वीस मीटरवरून वरून फेकलेले, शेवटी बॅटने मारलेले उंच. पहिल्याच दिवशी उंच झेल दिले की भीती बसते आणि ती घालवायला फार दिवस लागतात.

बोटाच्या टोकावर चेंडू लागून शेवटचं पेर खाली लोंबत असेल आणि स्वतःहून सरळ होत नसेल तर ते ओढू नका. मैदानावर कोणीतरी हमखास पुढे येऊन बोट ओढतो. पेराला जोडणारा स्नायूबंध तुटलेला असू शकतो किंवा हाडाचा तुकडा निघालेला असू शकतो. बोट सरळ ठेवून पट्टी बांधा, बर्फ लावा आणि एक्सरे काढून घ्या.

कीपरचं काम सर्वस्वी वेगळं होतं. टेनिसमध्ये कीपर म्हणजे बहुतेकदा जो बॉलिंग करत नाही तो. सीझन बॉलवर त्याने उभं कुठे राहायचं याचा साधा ठोकताळा: बॅटला न लागलेला चेंडू उसळी संपून खाली येऊ लागलेला असताना कमरेच्या उंचीवर हातात यायला हवा. पहिल्या ओव्हरचे दोन चेंडू बघून जागा ठरवायची आणि बॉलर बदलला की पुन्हा ठरवायची. फार जवळ उभा राहिला तर चेंडू खांद्यावरून जातो, फार मागे राहिला तर बॅटची कड लागलेले चेंडू पोचत नाहीत. बाय जायला लागले की गावाकडचा कॅप्टन कीपरच्या मागे एक माणूस उभा करतो. बाय थांबतात, पण पुढे मोकळी जागा पडते आणि त्या जागेतून चौकार जायला लागतात.

मोकळ्या जागेवरून आठवलं, थर्डमॅन, म्हणजे ऑफच्या बाजूला कीपरच्या बराच मागे उभा राहणारा फील्डर. टेनिसमध्ये जवळपास सगळे फटके लेगला आणि समोर जातात, म्हणून फील्ड तशीच लागते. टणक चेंडूला बॅटची जाड-बारीक कड लागली की तो स्लिपच्या, म्हणजे कीपरच्या शेजारच्या, जागेतून सुसाट मागे जातो. त्या बाजूला कोणीच नसेल तर सहा कडांचे सहा चौकार म्हणजे 24 धावा, आणि त्यातला एकही फटका बॅट्समनने ठरवून मारलेला नसतो. निदान पहिल्या आठ ओव्हरमध्ये एक थर्डमॅन, आणि नवा बॅट्समन आला की एक स्लिप. लेगला स्क्वेअरच्या मागे चेंडू टाकताना दोनपेक्षा जास्त फील्डर असतील तर नो बॉल होतो. टेनिसच्या सवयीने तिघे उभे केले जातात, कॅप्टनने तेवढं मोजून घ्यावं.

आता हिशेब करा. अवांतरच्या 38 पैकी दहा कोणत्याही संघाच्या जातात, उरल्या 28. झेलांच्या 35. थर्डमॅनमधून गेलेल्या 24. बेरीज 87. समोरच्यांचे 198 वस्तुतः 111 होते. तरीही 61 धावा करून आपण हरलोच असतो, हे मान्य. पण 112 चा पाठलाग करणारा संघ आणि 199 चा पाठलाग करणारा संघ एकसारखी बॅटिंग करत नाहीत.

आणि इथे टेनिसची सवय आणखी एक घात करते. 199 म्हणजे ओव्हरला दहाच्या जरा खाली. टेनिसमध्ये आठ ओव्हरला ऐंशी हे रोजचं लक्ष्य आहे, त्यामुळे कोणाला ते अशक्य वाटत नाही. पहिल्या ओव्हरपासून बॅट फिरते. पुढचा पाय लेगच्या बाहेर काढून, आडव्या बॅटने, मिडविकेटवरून. टेनिसचा चेंडू टप्पा पडल्यावर थांबून उंच येतो म्हणून हा फटका बसतो. सीझन बॉल टप्पा पडल्यावर घसरून पुढे येतो, बॅट अजून वरून खाली येत असते आणि मधला स्टंप गेलेला असतो. भात कापल्यावर पाणी मारून चोपणीने चोपलेल्या शेतातल्या पट्टीवर जी वेळ मिळते ती इथे मिळत नाही.

दुसरी गोष्ट पायचीतची. गावाकडच्या बहुतेक टेनिस स्पर्धांत पायचीत देतच नाहीत. त्यामुळे पायाने चेंडू अडवणं हा गुन्हा आहे हे शरीराला माहीतच नसतं. पाय ऑफस्टंपकडे आडवा टाकून लेगला खेळायचं, आणि चेंडू पॅडवर. पायचीतचे दोन नियम संघातल्या प्रत्येकाला तोंडपाठ हवेत. चेंडूचा टप्पा लेगस्टंपच्या बाहेर पडला तर पायचीत देता येत नाही. आणि बॅटने खेळायचा खरा प्रयत्न केला असेल व चेंडू ऑफस्टंपच्या रेषेबाहेर पॅडला लागला असेल तरी देता येत नाही. खेळायचा प्रयत्न न करता बॅट मागे लपवून पाय पुढे केला तर ही दुसरी सवलत मिळत नाही. रविवारच्या सामन्यात अंपायर बहुतेकदा बॅटिंग करणाऱ्या संघातलेच असतात, म्हणजे हे नियम आपल्याच पोरांना निकाल देण्यासाठीही लागतात.

मैदानावर मॅट असेल तर आणखी थोडं. काथ्याची मॅट साधारण 66 फूट लांब आणि 8 फूट रुंद असते, ती ताणून कडेने खिळे मारून बसवतात. ताणलेल्या मॅटवर चेंडू वेगाने आणि एकसारखा उसळतो. सैल मॅटवर चेंडू पकड घेतो, फिरकी जास्त वळते, उसळी कमीजास्त होते. खाली खडे राहिले असतील तर एखादा चेंडू अचानक छातीवर येतो. सामन्याआधी मॅटवरून अनवाणी चालत जा. पायाला सैल लागेल ती जागा आणि खडा लागेल ती जागा, दोन्ही लक्षात ठेवा. लोखंडी स्पाइक्स मॅटवर चालत नाहीत, रबरी तळाचे बूट लागतात. उंच उसळीमुळे मॅटवर पायचीतचे बरेचसे चेंडू स्टंपवरून जातात, मात्र बॅटीची वरची कड लागून झेल जास्त उडतात. म्हणून पहिले पंधरा-वीस चेंडू आडवी बॅट बंद, चेंडू अंगाजवळ येऊ द्यायचा आणि सरळ बॅटने खाली ठेवायचा.

चार-पाच विकेट पडल्या आणि सामना हातातून गेला, तर काय करायचं? लीगचे सामने असतील तर याला ठोस उत्तर आहे. नेट रनरेट (आपल्या ओव्हरमागच्या धावा वजा समोरच्यांच्या) काढताना सर्वबाद झालेल्या संघाच्या पूर्ण 20 ओव्हर धरतात, 13.2 नव्हे. म्हणजे 61 भागिले 20, 3.05. समोरच्यांचा 9.90. आपला नेट रनरेट उणे 6.85. तेच शेवटपर्यंत टिकून 95 केल्या असत्या तर 4.75, नेट रनरेट उणे 5.15. पुढचा सामना 40 धावांनी जिंकला, तर दोन सामन्यांची सरासरी पहिल्या परिस्थितीत उणे 2.42 आणि दुसऱ्या परिस्थितीत उणे 1.57 येते. गुण सारखे झाल्यावर याच फरकाने संघ पुढे जातात किंवा घरी बसतात. सातव्या, आठव्या क्रमांकाच्या पोरांना हे आकडे सांगितले तर त्यांना क्रीजवर उभं राहायला कारण मिळतं. बाकी काही नाही तरी 40 चेंडू सीझन बॉल खेळायचा सराव होतो, तो गावात मिळणार नाही.

एक मात्र करू नये, सामना अर्धवट सोडून जाऊ नये. पुण्यात डिसेंबर 1948 मध्ये रणजी सामन्यात महाराष्ट्राने काठियावाडविरुद्ध 4 बाद 826 केल्या होत्या. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर 443 वर नाबाद होते, डॉन ब्रॅडमन यांच्या 452 च्या तेव्हाच्या विश्वविक्रमाला नऊ धावा कमी. काठियावाडच्या कप्तानाने पुढे खेळायला नकार दिला आणि सामना सोडला. निंबाळकरांना अधिकृत कसोटी कधीच खेळायला मिळाली नाही आणि विक्रमाच्या त्या नऊ धावाही नाहीत. त्या संघाने पहिल्या डावात 238 केल्या होत्या, ती बरी बॅटिंग होती. आज ती कोणालाही आठवत नाही.

टॉसबद्दल माझं मत स्पष्ट आहे. हिवाळ्यात सकाळी साडेआठला सामना असेल आणि टॉस जिंकला तर फील्डिंग घ्या. दव आणि गार हवेत पहिला तास चेंडू हलतो, त्या तासात आपल्या कच्च्या बॅटिंगला पाठवणं म्हणजे 20 धावांत 5 बाद. अर्थात त्यासाठी संघ आठच्या आत मैदानावर पोचायला हवा. साडेआठच्या सामन्याला आठ वीसला टेम्पोतून उतरलेल्या संघाच्या हातात पहिला झेल थंड बोटांवर येतो. निदान प्रत्येकाला दहा झेल आणि दोन्ही ओपनिंग बॉलर्सना सहा-सहा चेंडू, एवढं तरी आधी व्हावं. विकेट पटापट पडतात तेव्हा पुढचे दोघे पॅड बांधून बसलेले हवेत. नियमाने नव्या बॅट्समनने 3 मिनिटांत खेळायला तयार व्हायला हवं, आणि घामाने भिजलेले दुसऱ्याचे ग्लोव्हज चढवत गडबडीने गेलेला माणूस पहिल्या चार चेंडूंत परत येतो.

स्कोअरबुकात एक सवय लावून घ्या. सुटलेल्या झेलासमोर फुली, आणि बॅट्समनची तेव्हाची धावसंख्या. क्रिकहीरोजसारखं ॲप वापरत असाल तर फटका कुठे गेला तेही नोंदवा. दोन-तीन सामन्यांत चित्र दिसायला लागतं.

राहिलं सामान. गावची वर्गणी बेताची असते आणि पहिली हौस बॅटीची असते. क्रम उलटा ठेवा. आधी कीपिंगचे चांगले ग्लोव्हज आणि आतले पातळ ग्लोव्हज. मग प्रत्येकाचा स्वतःचा एल गार्ड (जांघेचं संरक्षण करणारा), ही वस्तू उसनी घ्यायची नाही. मग दोन मापांची दोन हेल्मेट, ज्यांच्या आत बीएस 7928:2013 हा शिक्का आहे अशी, कारण त्या मानकात चेंडू जाळी आणि टोपीच्या कडेमधून आत शिरतो का हे तपासलेलं असतं. सगळ्यांच्या डोक्यावर एकच ढिलं हेल्मेट फिरवलं तर ते हलतं आणि पोरं जाळीतून वाकडं बघून खेळतात. मग पॅडच्या तीन जोड्या. बॅट सगळ्यात शेवटी. टेनिसची हलकी, मागून कोरलेली बॅट सीझन बॉलवर वापरू नका, तिचा पंजा, म्हणजे खालचा भाग, पहिल्याच यॉर्करला चिरतो. नवीन बॅट आणली तर तिला कच्च्या जवसाच्या तेलाचे दोन-तीन पातळ हात द्या, प्रत्येक हातानंतर एक दिवस आडवी ठेवून वाळू द्या, हँडल आणि स्टिकरला तेल लावू नका. मग लाकडी मोगरीने आधी हलक्या हाताने, पुढे जोर वाढवत पाच-सहा तास ठोका, थोडं थोडं करून आठवड्यात विभागलं तरी चालेल. कडा तिरक्या ठोकून गोल करा, पंजाचं टोक सरळ ठोकू नका. त्यानंतर जुन्या चेंडूने कॅच-कॅच खेळा, आणि नवा चेंडू शेवटी.